दोन ठोके कमी

तांबट आळीतल्या आमच्या दुकानात
पाच महिने एक घागर पडून आहे.
गळा झालाय, मठारायची राहिलीय.
गिऱ्हाईक विचारत नाही. त्यालाही कळलंय.

केतकीला लाल औषध लावलं तेव्हा
नळीतून तांबूस थेंब उतरताना बघून
ती म्हणाली, "पप्पा, हे आपल्या दुकानातलं?"
संध्याकाळी तिची लघवीही त्याच रंगाची.
बाथरूमला कडी लावून मी नळ सोडला
आणि रडून घेतलं.

तेहतिसाव्या दिवशी कमरेच्या हाडातून मज्जा काढली.
नमुना मुंबईला गेला.
आठवड्याने आहेर मॅडमनी कागद वाचला,
परत वाचला, चष्मा काढला.
"दहा हजारांत एकही वाईट पेशी सापडली नाही.
लाल औषधाचे पुढचे दोन डोस आपण गाळतोय."

मी विचारलं, आता लाज वाटते,
"आमचे पैसे कमी पडतात म्हणून का?"

त्या हसल्या नाहीत.
"ती साठीची होईल ना, तेव्हाही
तिचं हृदय धड असायला हवं. म्हणून."

साठीची.
तोवर मी तिच्या सातव्या वाढदिवसापर्यंतच मोजत होतो.

मुंबई नाक्यावरून चालतच निघालो.
द्राक्षांचे दिवस, हातगाड्या लगडलेल्या,
आणि साल न निघणारं फळ केतकीला मनाई.
डोक्यात एकच : कमी म्हणजे अर्धवट तर नाही ना?

रात्री घागर मांडीशी घेतली.
आण्णा सांगायचे, पत्रा बसला तिथं
उगाच मारत राहू नकोस.
तांबं तक्रार करत नाही,
नुसतं कडक होत जातं,
आणि कुणाच्या तरी घरी, कधीतरी,
पाणी भरताना तडकतं.
मारणाऱ्याचं नाव तेव्हा कुणाला आठवतं?
नऊ वर्षांचा होतो, तेव्हापासून ठाऊक होतं हे.
तरी माझ्याच लेकीबाबत
दुसऱ्या कुणी सांगावं लागलं.

भीती आहेच. ती कुठल्याच रिपोर्टात
निगेटिव्ह येत नाही.

आता रोज झोपताना अर्धी गोळी.
जाड पत्रा कापणारे हात
एवढ्याशा सुरीवर थरथरतात.
चुरा झाला तर बोटाने टिपून घेतो.
केतकी टाळूवरून हात फिरवते,
राखाडी लव आलीय, पिलासारखी.
"घागर कधी होणार?"
होईल गं. हळू मारतोय.

ती उशीला कान लावून
खालचे ठोके मोजते.
चुकली, की परत एकपासून.