रविवार, सोहार

कामाआधी फ्यूम हूडच्या काचेखाली
टिश्यूची चिंधी धरते.
आत ओढली गेली, म्हणजे पंखा जिवंत.
अग्निशामकाचा काटा हिरव्यात.
यादीत खुणा होत जातात.

इथरच्या बाटलीवर तारीख परकारांच्या हातची,
‘उघडली’मधला तो शेपटीवाला ल.
ते दापोलीला गेले, कायमचे.
सहा महिने उलटलेत.
हलवायची नाही, ठेवायचीही नाही.
अक्षर झाकणार नाही अशी
लाल चिठ्ठी लावते.

डोळे धुवायच्या नळाचं पाणी
जूनमध्ये चहाइतकं तापतं
उन्हातल्या पाइपात.
खलफान हसतो:
तीन वर्षांत कुणी धुतलेत का डोळे इथे?
कुणीच नाही, म्हणते मी,
आणि सोडून ठेवते नळ,
मनगट ‘आता चालेल’ म्हणेपर्यंत.