गाठीशी

सुवैकच्या पलीकडे, समुद्राकडे पाठ करून
खलफान बिन हमदानचं शेत.
साडेचार एकर ऱ्होड्स गवत, चौदा गायी
आणि माझ्यापेक्षा वयाने मोठा एक बेलर,
ज्याला गाठ मारता येत नाही.

म्हणजे येते. सहा गठ्ठ्यांना येते.
सातव्याला सुतळी नुसतीच आडवी पडते
आणि गवत सुटतं, पंगत उठल्यावर पाहुणे सुटतात तसं.

रात्री दोनला फोन. इथे गवत रात्रीच बांधायचं,
दवाने पान मऊ आहे तोवर.
ऊन चढलं की पानाचा भुगा,
गायीपुढे उरतात काड्या.
मी बर्कातून पिकअप काढतो,
मागे पाने, ग्रीसगन, कानशी,
वेल्डिंगच्या कांड्या फडक्यात गुंडाळलेल्या.

खलफान टॉर्च धरतो. मोफिजुल सुतळीचा गुंडा.
नॉटरची चोच झिजलीय,
बोटाएवढी वाकडी पोलादी चोच.
नवी मिळेल. बेचाळीस रियाल, इटलीहून, सहा आठवडे.
खलफान विचारतो,
गायीला सहा आठवडे थांब म्हणून कोण सांगणार, तू?

हिशेब बेलरच्या पत्र्यावरच, खडूने:
डिझेल, सुतळी, विहिरीची मोटर, मोफिजुलचा पगार.
त्याखाली एक ओळ मी.
(माझं नाव नाही. नुसतंच ‘मिकानिकी’.)
भागाकार करून शेवटी:
एक गठ्ठा, एक रियाल तीनशे बैसा.
जहाजातून उतरलेला गठ्ठा बाजारात एक रियाल दोनशेला.
फरक शंभर बैसांचा, करक चहाचा एक कप.
दर गठ्ठ्यामागे हा माणूस
कुणालातरी चहा पाजतोय, कुणाला ते माहीत नाही.

मुलगा सोहार बंदरात नोकरीला. तो जहाजं मोजतो,
म्हणतो, बाबा, मशीन भंगारात घाला.
गावात म्हणतात, पोलिसातली पेन्शन गायी खातात.
खलफान म्हणतो, बरं आहे, मला तंबाखूचं व्यसन नाही.

शेजारी जुमा बलूशीने गेल्या साली गोल गठ्ठ्यांचा बेलर घेतला,
लाल, नवाकोरा. त्याला ओढायला ऐंशी घोड्यांचा ट्रॅक्टर लागतो.
जुमाकडे पन्नासाचा आहे.
ताडपत्रीखाली आता कोंबड्या अंडी घालतात.
मशीन घेणं एक, चालवणं दुसरं,
हे खलफान टॉर्च न हलवता सांगतो.

मी चोचीवर वेल्डिंगचा थर चढवतो, तिला घासतो,
पुन्हा चढवतो, पुन्हा घासतो.
लाल तापवून विचारतो, पाणी?
मोफिजुल विहिरीची बादली आणतो.
तीच विहीर, दर साली जास्त खारट होणारी,
जिच्यापायी मागच्या वाफ्यात
गवताऐवजी पांढरा पापुद्रा आला.
चोच आत जाते, फुत्कारते.
पोलादाला खारं पाणी चांगलं मानवतं.
हे मी खलफानला सांगत नाही,
पण तो बादलीत बघत राहतो.

मग कधीतरी, घासता घासता,
मी मराठीत काहीतरी पुटपुटलो असणार.
काय म्हणालास?
मोडक्या अरबीत सांगितलं, आमच्याकडे
जपून ठेवलेला पैसा गाठीशी असतो.
तो बेलरच्या पोटावर थाप मारतो:
मग माझा सगळा इथेच आहे, आणि गाठ तर बसत नाही.
मोफिजुलला काही कळलं नाही, तरी तोच आधी हसला.

सातवा बांधला गेला. आठवा. अजानच्या वेळी एकतीस.
चाळिसावा सुटला,
तो खलफानने कवेत उचलून नेला,
बांधायचा नव्हताच जणू.

मला वीस रियाल दिले, आणि नको नको म्हणताना
पिकअपमध्ये दोन गठ्ठे.
मी दुसऱ्या मजल्यावर राहतो.
एक वाटेत शेळीवाल्याला दिला.
दुसरा अजून मागेच आहे,
सिग्नलला थांबलो की वास पुढे येतो.