एकशे सात

लाव्हेंटिलच्या टेकडीवर एल्डविन पिंप ठोकतो
त्यातून सूर निघेपर्यंत.
चाळीस वर्षं.

भाची शर्लन त्याच्या कानाशी मोबाइल धरते.
आकडा लाल : एकशे सात.
"मामा, एवढ्यात तीनच मिनिटं."
"पिंपाला सांग."

मग ती एक शिट्टी लावते,
बारीक, वर वर चढत जाणारी.
"थांबली की बोट उचल."
तो लगेच उचलतो.

शर्लनला अजून ऐकू येतेय.
पायरीवरच्या कुत्र्यालाही.

ती गप्प. तो तिच्या तोंडाकडे बघतो,
मग कोपऱ्यातल्या छोट्या पॅनकडे,
ज्याचे वरचे सूर यंदा
वादकांनी न बोलता दुसऱ्याकडून लावून घेतले.

संध्याकाळी मोबाइल बाकावर थरथरतो.
एल्डविन हातोडी ठेवतो,
कानांत केशरी बोळे खुपसतो
आणि त्याला शिव्या घालतो,
जरा मोठ्यानेच.