उशिरा व कमी दाबाने

गुरुवारी संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद राहील,
शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल,
नागरिकांनी सहकार्य करावे.
एकवीस वर्षं हे मी टाइप करतेय
स्वारगेटच्या ऑफिसात, खिडकीकडे पाठ करून.
त्यातला एक शब्दही कधी माझ्याविषयी नव्हता.

तेविसाव्या वर्षी पानशेतच्या काठावर
कुणीतरी जिभेवर कागदाचा तुकडा ठेवला,
हसत, बडीशेप द्यावी तसा.
कुणी विचारलं नाही जेवलीस का, झोपलीस का,
घरून भांडून आलीयस का.
आले होते.
रात्रभर धरणाचं पाणी मला नावाने हाक मारत राहिलं
आणि मी एका बाभळीला धरून
तिचे काटे मोजत बसले, चुकले की पुन्हा पहिल्यापासून.
सकाळी सगळे म्हणाले, काय धमाल आली.

या वेळी शमीमने तीन महिने लावले.
शमीम शिकलगार, कोंढव्याची, नाइट ड्यूटीची नर्स.
भानावर येणारी माणसं तिने खूप पाहिलीत.
गोळ्या कुठल्या चालू आहेत? बीपी? झोप?
घरात कुणाचं डोकं फिरलं होतं का कधी?
म्हटलं, एक आत्या होती, येरवड्याला.
तिने चहाचा कप खाली ठेवला.
सख्खी?
नाही गं, नवऱ्याची.
कप उचलला, पण महिनाभर विषय काढला नाही.
मग एकदा म्हणाली, कशासाठी जायचंय ते लिही.
वीजबिलाच्या मागे मी लिहिलं, खोडलं, लिहिलं.
उरलं एवढंच:
मी सतत काय बंद करत असते?

गुरुवार मुद्दाम निवडला. त्या दिवशी नळ मुके असतात.
आदल्या रात्री पिंप भरलं, उशीला धुतलेला अभ्रा घातला,
आरशावर टॉवेल टाकला.
गॅस खालून बंद. फोन शमीमच्या पर्समध्ये.
मुलाला खरं सांगितलं.
तो बंगळूरहून म्हणाला, आई, तू?
आणि मग हळूच, एकटी नाहीस ना?
(वस्तू कुठून आली ते इथे लिहीत नाही.
सरकारी नोकरीने तेवढं शिकवलंय.)

अकराला शमीमने दाराला कडी घातली, लोकर काढली.
बाराला काहीच नाही. वाटलं, फसवलं की काय.
मग भिंतीच्या आतली लाइन दिसली,
गंजलेली, दीड इंची,
तिला जोडलेली रस्त्याखालची, मग सिंहगड रोडभर,
थेट खडकवासल्यापर्यंत.
माझाच नकाशा, पण आतून.
आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर लोखंडी चावी घेऊन वाकलेली
एक बाई.
पाठीवरून ओळखलं मी तिला.
किती दमली होती.
इतक्या लहानपणी कुणी सांगितलं असेल तिला
सगळं बंद ठेव म्हणून?

तेवढ्यात भीती आली. पानशेतचीच, तोच आवाज.
शमीम, पाणी हाक मारतंय मला.
मग ओ दे, ती म्हणाली. सुया थांबल्या नाहीत.

मी ओ दिली.

पुढचं माझ्याकडे शब्दांत नाही.
शमीमच्या वहीत आहे, वेळेसकट:
दोन वीस ते तीन दहा, रडली.
चार वाजता मोसंबं मागितलं.
खाल्लं नाही, नुसता वास घेतला.
पाच चाळीस, विचारते, चावी किती जड असते गं?

रात्री ती राहिली. मऊ भात टाकला.
म्हणाली, आठवडाभर मोठा निर्णय घ्यायचा नाही,
राजीनामा वगैरे.
वीजबिल मी परत वाचलं.
प्रश्न तसाच होता, फक्त अक्षर
दुसऱ्या कुणाचं वाटलं, जरा घाबरलेलं.

शुक्रवारी साडेनऊला नळ खोकला.
आधी हवा, मग तांबूस थोडं, मग करंगळीएवढी धार.
बादली लावली, स्टूल ओढून समोरच बसले
आणि ऑफिसात फोन केला.
येतेय म्हटलं.
उशिरा.