क्रियापद

सभेचं इतिवृत्त लिहायचो मी, दुय्यम लेखनिक,
विश्रामबागेतल्या वरच्या दालनात, खांबाआड.
पगार बत्तीस रुपये, शाई नगरपालिकेची, टाक माझा.
सांगायचंय ते एका क्रियापदाबद्दल.
पण आधी दुकान सांगतो.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी
भिवराबाई कासारणीचं चार हात रुंद दुकान.
नवरा इन्फ्लुएंझात गेला,
भाडेचिठ्ठी तिच्या नावावर झाली, पट्टीची पावतीही.
कायदा म्हणाला, पावती असेल तर मत आहे.
ती म्हणाली, मत असेल तर उभंही राहता येत असेल.
कचेरीत दोन दिवस पानं चाळली.
'नाही' असं कुठे सापडेना.

इतर उमेदवारांना वाट ओसरीपर्यंत,
हिला माजघरापर्यंत.
समोरचीची बोटं जुळवून, अंगठ्याखालचं हाड दाबत
बोलायची हळूहळू, बांगडी चढेतोवर.
बांगडी चढली की विषय संपला.

तेव्हा मतपेट्या रंगांच्या असत. हिला आली हिरवी.
माघात अख्ख्या वॉर्डाची मनगटं हिरवी झाली
आणि पुरुषमंडळी म्हणाली, यंदा लग्नं फार दिसतात.
पण ज्यांची पावती स्वतःच्या नावाची
त्या बायका बहुतेक हिच्यासारख्याच, मोकळ्या हातांच्या.
त्यांना तिनं काकणाचा एकेक तुकडा दिला,
मुठीत धरून आत जायला.
नाव विचारलं तर काहींनी सांगितलं नाही.
मूठही उघडली नाही.

एकोणीस मतांनी आली.

पहिल्या सभेला तिची खुर्ची मांडायची राहिली.
(राहिली, असंच लिहितात.)
शिपायाच्या स्टुलावर बसून तिनं विचारलं,
गंज पेठेतल्या नळाला पाणी रात्री दोनला येतं,
तिथं दिवा का नाही?
इथल्यांपैकी रात्री दोनला घागर घेऊन कोण जातं?
मागून कुणी ओरडलं,
असल्या प्रश्नांना भ्यायला आम्ही बांगड्या नाही भरल्या!
ती वळली. भरायच्या तर या दुकानी.
माप मी इथूनच घेतलंय.

मी लिहिलं: हशा.

आणि त्याच्या वर, त्या दिव्याच्या प्रश्नापुढे:
'एक सभासद म्हणाले.'
कुणी सांगितलं नव्हतं तसं लिही म्हणून.
हेडक्लार्कना विचारलंसुद्धा नाही.
म्हणाले, म्हणाले, म्हणाले,
वर्षानुवर्षं हात त्याच उतारानं घसरत आलेला.
तीन वर्षं ती बोलली, भांडली,
दोनदा सभात्याग करून गेली,
आणि माझ्या वहीत
एक सभासद म्हणाले, एक सभासद उठून गेले.

दिवा लागला. अकरा महिन्यांनी, पण लागला.
वात वर करायला रोज तिन्हीसांजेला माणूस यायचा,
त्याचं नाव आहे पगारपत्रकात.

पुढच्या निवडणुकीत तिला पेटी आली पांढरी.
पांढऱ्या बांगड्या कोण भरतं?

त्याच साली आमच्या हिला सातवा होता.
भिवराबाई घरी आली, पेटारा उतरवला,
हिचा हात हातात घेतला, आणि हिच्याकडे बघतच मला विचारलं,
काय हो, माझं काय काय लिहिलंत त्या वहीत?
मी म्हटलं, सगळं.
ती काही बोलली नाही.
काच चढत राहिली, एकावर एक, बारीक वाजत.
निघताना तिनं माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं,
टाक धरून धरून बोटाला पडलेल्या घट्ट्याकडे,
मग मनगटाकडे.
'सव्वादोन,' म्हणाली.

चुकलो.
म्हणाल्या.