ब्रेकची रबरं

गोदाइफच्या टोकाला, विमानतळाची भिंत जिथे सुरू होते,
तिथे माझं दुकान. एक पत्रा, दोन पाने,
खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा.
अकरा वर्षं मी सायकलवर बसलेलो नाही,
तरी अस्माराभोवतीचे रस्ते मला पाठ आहेत.
रोज संध्याकाळी ते माझ्याकडे येतात
चाकाला चिकटून.

देकेमहारेचा रस्ता लाल.
साखळी फडक्यातून ओढली की फडक्याचा गेरू होतो.
पोरगा म्हणतो, नाही हो, इथं जवळच गेलो होतो.
मी काही बोलत नाही.
धूळ बोलते.

केरेनचा रस्ता तारा तोडतो,
मागच्या चाकाच्या, नेमक्या उजव्या अंगाच्या.
आदि तेकलेझानच्या अलीकडचा तो खड्डा बुजवला,
असं दर वर्षी कुणीतरी शपथेवर सांगतं.

मेंदेफेराकडून येणाऱ्यांचं काही मोडत नाही.
वारा समोरून, रस्ता लांबच लांब,
त्यावरची माणसं गप्प होऊन येतात,
पाणी मागतात, पैसे उद्या देतो म्हणतात,
आणि उद्या खरंच देतात.

राहिला नेफासितचा.
समुद्राच्या दिशेनं कोसळणारा घाट,
वळणाच्या पोटात वळण, खाली आगगाडीचा चिंचोळा रूळ,
कठड्यावर केसाळ माकडं बसलेली
आपल्या निकालाची घाई नसलेल्या पंचांसारखी.
दुपार कलली की खालून धुकं चढतं
आणि स्वतःचं पुढचं चाक दिसेनासं होतं.
तिकडून आलेल्या सायकलीची ब्रेकची रबरं
न्हाणीघरातल्या शेवटच्या साबणाएवढी उरलेली असतात.
हाब्तेआबची सायकल मीच वर आणली होती,
कांद्याच्या ट्रकमधून.
त्याला दुसऱ्या गाडीनं आणलं.

रिगात आली ती एका सोमवारी.
पिठाच्या गिरणीत कामाला, भुवयांवर पीठ तसंच,
हातात मामाची इटालियन फ्रेम, तिच्या उंचीला दोन बोटं जास्त.
साखळी ताणून लांबलेली, चकतीचे दात माशाच्या दातांसारखे टोकदार.
म्हटलं, कुठला घाट चढतेस?
म्हणाली, नेफासित.
सवयीनं मी ब्रेक पाहिले.
रबरं कोरी. साच्यातून निघाल्याची रेघसुद्धा शाबूत.

"आणि उतरतेस कशी? पाय घासत?"
माझा आवाज चढला. शेजारचा न्हावी वस्तरा थांबवून बघू लागला.

"उतरत नाहीच मी.
सहाच्या बसच्या टपावर सायकल बांधते.
खाली एक चहा पिते आणि वर येते."
मग पैसे मोजता मोजता,
"उतरायचं काय, दगडपण उतरतो."

ती गेल्यावर मी बराच वेळ
एकच नट घट्ट करत राहिलो.
अकरा वर्षं मला वाटत होतं,
रस्ता घ्यायचा तर अख्खा घ्यायचा.

पुढच्या रविवारी दुकान बंद.
बस उतरत असताना मी डोळे मिटून घेतले,
कंडक्टर म्हणाला, आजोबा, मळमळतंय का?
मी बेचाळीसचा आहे.
चहा प्यायलो. दुसरा प्यायलो.
मग चढायला लागलो.

छातीचा भाता झाला, मांड्यांनी चौथ्या वळणावर संप पुकारला,
एक शेळ्या राखणारा पोरगा न विचारता
मागून सीटला हात लावून ढकलू लागला,
आणि ढकलता ढकलता मला शाळेतलं गणित घालू लागला.
उत्तर मला येत नव्हतं.
ते वळण आलं.
मला वाटत होतं त्याच्या निम्मंही नव्हतं.
कठड्याचा एक दगड नवा, बाकीच्यांहून पांढरा.
मी थांबलो नाही.
थांबलो असतो तर पुन्हा पाय टाकता आला नसता,
एवढंच कारण.

रात्री कंदील लावून सायकल उलटी केली.
रबरं कोरी होती, हे मला ठाऊकच होतं.
तरी ती काढली,
खोक्यातली नवी बसवली,
आणि हातानं चाक फिरवून
एकदा दाबून पाहिली.