इर्मेलीची वही

जानेवारीची दोन तारीख. दहा वाजले तरी उजाडलं नाही.
दिव्याखाली बसून इर्मेली
कागद गिरणीच्या जुन्या कॅलेंडरच्या पानांची वही शिवते.
गिरणी बंद पडली, पाठ कोरीच राहिली.

लिहिते: नवा कोट नाही. अस्तर तेवढं बदलायचं.
साउना फक्त शनिवारी, बर्चचे ओंडके मोजून सात.
सप्टेंबरात रानातल्या लाल बेरी, दोन बादल्या,
गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.
रिकाम्या बाटल्या दुकानात परत, नाणी बरणीत.
कॉफी दिवसाला दोन कप.

इथे पेन अडतं.
आई सांगायची, युद्धात आम्ही मुळं भाजून उकळायचो
आणि त्यालाच कॉफी म्हणायचो, चेहरा न बदलता.
दोनाचे तीन होतात. पुन्हा दोन.
मग कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात:
ओस्मो आला तर मोजायचं नाही.

कशासाठी साठवायचं, तो रकाना तिनं आखलेला नाही.
लेकीनं फोनवर विचारलं, तर म्हणाली,
बघू या, किती कमीत माणूस मावतं.

मार्चअखेर हिशेब:
कोटाचं अस्तर झालं. लाकूड उरलं.
कॉफी, तीन पाकिटं जास्त.
वरच्या मजल्यावरचा ओस्मो अकरा वेळा आला,
पाना घेऊन, नळाखाली वाकून,
दर वेळी तेच सांगून गेला:
वॉशर गेलाय. ऐंशी सेंटचा येतो.

इर्मेलीनं आणला नाही.
काटकसर म्हणजे काटकसर.
नळ ठिबकतो आहे.
पाण्याचं बिल वहीत कुठेच नाही.